कालव्याकाठी कुसुममावशी

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये नवीन मराठी माणूस दिसला की कुसुममावशी त्याला गाव विचारायच्या नाहीत, आडनाव विचारायच्या नाहीत. "सायकल येते का?" एवढंच विचारायच्या. लोकांना वाटायचं गंमत करताहेत. ते हसायचे. मावशी उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहायच्या आणि समोरचा "हो" म्हणाला की लगेच पुढचा प्रश्न, "मग कधी येऊन राहिला?" नागपूर सोडून त्यांना चाळीसएक वर्षं झाली होती, पण बोलणं तिथलंच राहिलं होतं.

मी सापडले ती मराठी मंडळाच्या संक्रांतीला. शाळेच्या कॅफेटेरियात पंगत होती. तीन आठवड्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. "काय चाललंय?" असं कुणी विचारलं की "बिझी यार" म्हणून पुढे सरकत होते. मावशींना मात्र खरं उत्तर दिलं, सायकल येते म्हणून.

"उद्या सकाळी नऊला ये."

"उद्या सोमवार आहे, मावशी."

"मग? नोकरी गेली नं तुझी?" हे इतक्या मोठ्यानं की दोन टेबलांवरच्या माना वळल्या. मी लाल झाले असणार. "लाजायचं काय त्यात? माझे डोळे चालले, मी सांगत नाही का सगळ्यांना?"

त्यांना कुठून कळलं ते मला आजही माहीत नाही.

मावशी पॅथॉलॉजिस्ट होत्या. तीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या. नवरा लवकर गेला, मुलगा निखिल शिकून देशाच्या दुसऱ्या टोकाला, रेडमंडला नोकरीला लागला. रिटायर झाल्यावर दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजायला लागला. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. "वाटी दिसते, गुलाबजाम दिसत नाही," असं त्या समजावून सांगायच्या. कुणी सांगण्याआधीच एके दिवशी त्या लायसन्सच्या ऑफिसात गेल्या आणि काउंटरवर लायसन्स ठेवून आल्या. आमच्याकडे गाडी नसली तर साधी कोथिंबीर आणता येत नाही. त्यानंतर सहा महिने त्या घरातल्या घरात चालत होत्या. जिन्यावरून वर, जिन्यावरून खाली. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं तक्रार केली तेव्हा त्यांनी सायकल घेतली. ग्रॅव्हल बाईक. वाकडं हँडल आणि माती-खडीवर चालतील असे जाड टायर.

आमच्यापासून वीस मिनिटांवर एक बंद पडलेला रेल्वेमार्ग आहे. रूळ उचलून त्यावर बारीक खडी टाकली आहे. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, आणि गाड्यांना बंदी. मावशींना वेगानं जाता येईल अशी तेवढी एकच जागा उरली होती. मी गाडीच्या मागे दोन्ही सायकली बांधून न्यायची.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नारिंगी जाकीट घालायला दिलं. "तू पुढे. खड्डा आला तर 'खड्डा' म्हण, माणूस आला तर 'माणूस' म्हण, वळण आलं तर 'वळण'. बाकी बडबड नको, मला टायरचा आवाज ऐकायचा असतो."

"आवाजाचं काय?"

"मधोमध खडी दबलेली असते, आवाज बारीक येतो. कडेला गेलं की करकर वाढते. तेवढं पुरतं मला."

मी मागे वळून पाहिलं की त्या मान किंचित तिरकी करून येताना दिसायच्या. माझ्याकडे थेट पाहिलं तर मी नाहीशी व्हायचे म्हणे, जरा बाजूला पाहिलं की जाकीट सापडायचं. जिथे रस्ता आडवा येई तिथे उतरून, माझा दंड धरून ओलांडायच्या. पलीकडे गेलं की, "झालं. पुढे काय?"

हे त्यांचं पालुपद होतं. ट्रेल संपला, पुढे काय? चहा झाला, पुढे काय? मला इंटरव्ह्यूला नकार आला की मी दोन दिवस तोंड पाडून बसायची, आणि त्या फोनवर तेच विचारायच्या. कधी कधी मला राग यायचा. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मावशी, जरा दम खाऊ द्या की!" त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे वेळ आहे, तू खा दम. मला महिन्या-महिन्यानं कमी दिसून राहिलं."

त्यांच्या जेवणघरातल्या भिंतीवर एक नकाशा होता, दुकानात नेऊन दाराएवढा मोठा करून आणलेला. फ्रान्समधली शेर नावाची नदी आणि तिच्या बाजूनं जाणारा एक जुना, बंद पडलेला कालवा. पूर्वी त्यातून अरुंद नावा जायच्या आणि काठावरून गाढवं-खेचरं त्या ओढायची. त्या खेचरांच्या वाटेवर आता खडी टाकून सायकलींना मोकळी केली होती. कित्येक मैल मोटार म्हणून नाही. नकाशाला नाक लावून, मान तिरकी करून त्या मला एकेक गाव दाखवायच्या.

निखिलचा विरोध होता. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "मॉम, दिस इज क्रेझी. तुला समोरचं दिसत नाही, आणि बाजूला पाणी आहे!"

"बाजूचंच तर दिसते मला," मावशी म्हणाल्या.

तो हसला नाही. शेवटी माझ्याशी बोलला. "मेघनाताई, आय कान्ट स्टॉप हर. पण तू पुढे असशील ना? पूर्ण वेळ?"

मी हो म्हटलं.

मे महिन्यात आम्ही गेलो. पहिले तीन दिवस मला अजून लख्ख आठवतात. हिरवं, जवळपास न हलणारं पाणी. उंच पॉप्लर झाडांची रांग आणि त्यांच्या फांद्यांत बांडगुळाचे गोल गोल झुपके. मैल-दीड मैलावर एक लॉक, म्हणजे पाणी चढवून-उतरवून नावा वरखाली करायचा दगडी हौद, आणि त्याला चिकटून राखणदाराचं छोटं घर. दुपारी गावंच्या गावं दारं लावून बसलेली. आम्हीच तेवढ्या खडीवर करकरत चाललेल्या. मला ती शांतता सोसवत नव्हती. त्या आठवड्यात एका कंपनीचं उत्तर येणार होतं आणि माझा हात सारखा हँडलवरच्या फोनकडे जात होता.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मेल आला होता. मी चालत्या सायकलवरच वाचायला लागले. "वी रिग्रेट" इथपर्यंत पोचले आणि मागे काहीतरी घसरल्याचा, मग पाण्याचा आवाज झाला.

लॉकपाशी वाट उजवीकडे वळत होती. मी न पाहता वळले होते. "वळण" म्हणाले नव्हते.

मावशी कालव्यात छातीभर पाण्यात उभ्या होत्या, डोक्यावर शेवाळ, सायकल बुडालेली. मी काठावर पालथी पडून त्यांचा हात धरला, पण मला त्या ओढवेनात. माझी ओरड ऐकून लॉकच्या घरातून एक उंच म्हातारी बाई आली. तिनं माझ्या शेजारी गुडघे टेकले, आणि दोघींनी मिळून मावशींना वर घेतलं. कपाळावर ओरखडा, एक मनगट सुजलेलं, बाकी काही नाही.

त्या बाईनं त्यांना आपला गाउन घातला, गरम कॉफी दिली. कप दातांवर वाजत होता. मावशींना घाबरलेलं मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. "आवाज बदललाच नाही गं," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "कडेपर्यंत एकसारखाच आवाज होता."

"मावशी, चूक माझी आहे. मी मेल वाचत होते."

त्यांनी माझ्या कानाच्या बाजूला पाहिलं. म्हणजे माझ्याकडेच.

"नोकरीचा?"

"हो."

"मिळाली?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "निखिलला सांगायचं नाही. कबूल?"

मी कबूल केलं. मला तेच हवं होतं, हे आज लिहिताना लपवत नाही.

रात्री आम्ही त्या बाईकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी मी परतायच्या गाडीची चौकशी करत होते, तर मावशींनी कालव्यातून काढून पुसून ठेवलेली सायकल बाहेर आणली. मनगटाला पट्टी होती. "इथून पुढच्या लॉकपर्यंत कालवा सरळ आहे. नकाशात पाहिलाय मी. मी एकटी जाते. तू थांब."

"शक्य नाही."

"तू पुढे होतीस तेव्हा पडले नं मी?" हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मेघना, पुढच्या वर्षी कडेचंसुद्धा किती राहील कोणास ठाऊक. एकदा कुणाच्या मागे न जाता जाऊ दे मला."

निखिलला शब्द दिला होता, तरी मी वाद घातला नाही. मी त्यांना पाण्यापासून लांब, गवताच्या बाजूला उभं केलं. सीट धरली. आणि सोडली.

त्या चालण्याच्या वेगानं निघाल्या. एकदा गवतात शिरल्या, थांबल्या, पुन्हा खडीवर आल्या. मी मनातल्या मनात खड्डा, माणूस, वळण, सगळं ओरडत होते. पांढरं हेल्मेट लहान होत होत पॉप्लरच्या सावल्यांत कधी दिसायचं, कधी नाही. मग लांब लॉकच्या दगडापाशी ते थांबलं आणि एक हात वर झाला.

मी सायकल दामटत, धापा टाकत पोचले. त्यांचा चेहरा घामानं आणि आणखी कशानं तरी ओला होता.

"सगळं दिसलं," त्या म्हणाल्या. "इकडची झाडं, तिकडचं पाणी. मधलं नाही दिसलं. पण मध्ये तर मीच होते."

तिथून पुढचं अंतर आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. त्यानंतर मावशी सायकलवर बसल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "ठरवून थांबले मी. थांबवलं नाही कुणी."

त्या शरद ऋतूत निखिल त्यांना रेडमंडला घेऊन गेला. फोन यायचे. तिथल्या पावसाला नावं ठेवायच्या, मला नोकरी लागली का विचारायच्या. लागली तेव्हा पगार नाही, "काम काय आहे?" विचारलं. दीड वर्षानं एका शनिवारी सकाळी निखिलचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या.

तो पुष्कळ बोलला. रोज ऑफिसच्या आधी तिला फिरायला न्यायचा, तिचा वेग त्याला झेपायचा नाही. मग म्हणाला, "फ्रान्सबद्दल तिनं मला सांगितलं होतं. शी फेल इन द कॅनाल. म्हणाली, मेघना ओरडली होती वळण म्हणून, मीच ऐकलं नाही."

मी घरात फोन कानाला लावून उभी होते. मला गप्प बसवून त्यांनी स्वतः सांगून टाकलं होतं, आणि माझं नाव त्यातून काढून घेतलं होतं.

"निखिल," मी म्हटलं, "मी ओरडले नव्हते. मी फोन बघत होते."

मला वाटलं त्यानं फोन ठेवला. वाट बघत मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून दारापर्यंत चालत राहिले.

"तू प्रॉमिस केलं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"हो."

त्यानं मला माफ केलं का, ते मी विचारलं नाही, अजूनही मला माहीत नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मग तो मोडक्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली, हे खरं आहे? की ते पण तिनं बनवलं?"

"खरं आहे."

"किती लांब?"

मी दारातल्या पायरीवर बसले आणि त्याला पहिल्या झाडापासून सांगायला लागले.