नव्या सिनेमातला जुना शेवट

जुना गाजलेला सिनेमा पुन्हा काढावा का, यावर आमच्या सावेडीच्या घरात आठवडाभर वाद चालला होता आणि त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, नात आमच्याकडे शिकायला राहते. तिनंच बातमी आणली. आमच्या तरुणपणीचा एक कृष्णधवल सिनेमा नव्या नटांना घेऊन रंगीत काढलाय आणि नगरात लागलाय. कर्जतकडच्या गावाहून आजीला बोलावून घेते, तिघं मिळून जाऊ, असं तिनं ठरवूनही टाकलं.

मी म्हणालो, जुन्याला हात लावू नये. नव्या लोकांना ती माणसं कळत नाहीत, नुसता झगमगाट करतात. तेवढ्यानं भागेना तेव्हा आक्काचे गुडघे पुढे केले, थिएटरातला एसी तिला बाधेल असंही सांगितलं. मामाआजोबांनी तो सिनेमा स्वतः तंबूत चालवलाय, म्हणून त्यांना त्याची माया आहे, असं नात सगळ्यांना हसत सांगत होती. घरात ते सर्वांना पटलं. खरं तर मला माया नव्हती, धास्ती होती. आक्का एसटीत बसल्याचा फोन आला तेव्हा तिकिटं मिळणार नाहीत असंही मी नातीला सांगून पाहिलं.

तरुणपणी मी जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवर ऑपरेटर होतो. तंबूत मधोमध दोर बांधलेला, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी, सगळे जमिनीवर. फिल्म जुनी, सारखी तुटायची. तुटली की फाटका तुकडा कापायचा, दोन्ही टोकं खरवडायची आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोडायची. उशीर झाला तर एखादं गाणंही कापायचो. आम्हाला त्यात काही वाटत नसे.

हा सिनेमा नवऱ्यानं हाकलून दिलेल्या एका बाईचा. माहेरी राहून ती शेतात राबते, आपल्या पायावर उभी राहते. शेवटी नवरा हात जोडून न्यायला येतो आणि ती बैलगाडीत बसते. गाडी शिवेपर्यंत जाते. तिथं ती गाडी थांबवते, खाली उतरते आणि एकही शब्द न बोलता पाठ फिरवून माहेरच्या वाटेला लागते.

त्या वर्षी आमच्या गावच्या जत्रेत तंबू लागला तेव्हा आक्का माहेरी येऊन राहिली होती. दाजी हात उचलायचे. सहा महिने झाले तरी ती परत जायचं नाव काढत नव्हती आणि तिच्या पाठच्या दोघींची लग्नं अडली होती. आबा, म्हणजे आमचे वडील, मला एवढंच म्हणाले होते, की तुझं ती ऐकते, तिचं मन वळव. तिच्याशी बोलायचं धाडस मला झालं नाही. ती सिनेमाला येणार हे कळल्यावर मी शेवटचं रीळ काढलं, गाडी निघते तिथं कापलं आणि पुढे ‘समाप्त’ जोडलं.

बाया डोळे पुसत बाहेर पडल्या. आठ दिवसांनी आक्का नांदायला गेली.

कापलेला तुकडा मी पुन्हा जोडला नाही. आमचा तंबू जिथं जिथं गेला, तिथल्या लोकांसाठी ती बाई सासरीच गेली. आक्कानंही तो सिनेमा पुन्हा कुठं पाहिला नाही. दाजी शेवटपर्यंत बदलले नाहीत. आक्काला मुलं झाली, नातवंडं झाली. त्यांच्याकडे बघून मी मनाला समजवायचो, की ती परत गेली म्हणून तर ही आहेत. ते समजावणं कधी पुरलं नाही.

थिएटरात माझ्या एका बाजूला आक्का होती आणि पलीकडे नात. पडद्यावर काय चाललंय याकडे माझं लक्षच नव्हतं. शेवट बदललेला असावा, एवढंच मी मनात म्हणत होतो. नवे लोक सगळं बदलतात, मग हेही बदललं असेल. पडद्यावर बैलगाडीच्या जागी जीप आली. नवऱ्यानं हात जोडले, ती आत बसली. जीप शिवेवर थांबली आणि ती उतरली.

त्यांनी शेवट जसाच्या तसा ठेवला होता.

बाहेर आम्हाला बाकावर बसवून नात रिक्षा बघायला गेली. आक्का संतापली होती.

“लई वाटोळं केलं रं ह्यांनी. चांगली नांदायला निघालेली बाई, मधीच कशाला उतरवायची? तू म्हनत हुतास त्येच खरं. आपल्या पिच्चरमधी न्हाई उतरली ती.”

मी नुसतं हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं.

“आक्का, जुन्यातही ती उतरते,” मी म्हणालो. “तेवढं मी कापलं होतं. तू बघायला येणार होतीस म्हणून.”

ती माझ्याकडे वळली.

“आबांनी सांगितलं हुतं?”

आबांवर ढकलणं सोपं होतं. “नाही. मीच केलं.”

तिनं पदर नीट केला. आवाज चढला नाही.

“मार खाल्ला की दर टायमाला ती बाई आठवायची. मनात यायचं, ती नांदली, मग आपलंच काय चुकतंय.”

तेवढ्यात नात रिक्षा घेऊन आली. मामाआजोबांचा निकाल ठाऊक आहे, आता आजी, तू सांग, नवा सिनेमा कसा वाटला, असं तिनं विचारलं.

आक्का गुडघ्यावर हात टेकून उठली. मी आधाराला हात पुढे केला, तो तिनं धरला नाही.

“चांगला हाय,” ती नातीला म्हणाली. “उद्याचंबी तिकीट काढ. आपल्या दोघींचंच.”