मालोजीदादाचे बूट

पोशीरच्या मालोजीदादाने बांधलेला मांडव वाऱ्याने हलला, असं सांगणारा माणूस मला दाखवा, त्याच्या घरी पाणी भरीन. तीस वर्षं त्याने बांबू आणि काथ्याच्या दोरीवर आख्ख्या तालुक्याची लग्नं उभी केली. चढायच्या आधी चपला खाली. मेढीला हात लावायचा, तो कपाळाला लावायचा, मग वर. पायाच्या बोटांनी बांबू धरायचा आणि हातांनी गाठी मारायचा. कुणी चपला घालून चढला की झालंच. "देवाच्या मांडवावर पायताण? उतर आधी!" वर शिव्यांची लाखोली.

मग हॉल आले, लॉन आले, मांडव गेले. मी सहदेव, कुंभिवलीचा मुकादम. मुंबईकडे परदेशी गाणाऱ्यांचे मोठमोठे कार्यक्रम होतात, त्यांची स्टेजं बांधायला माणसं पुरवतो. हे गोऱ्यांचे बँड म्हणजे फिरती सर्कस, आज ह्या देशात तर चार दिवसांनी दुसऱ्या. साठ ट्रक सामान येतं. त्यातलं लोखंड आमी वर चढवतो आणि गाणं सुरू व्हायच्या आत आमालाच गेटाबाहेर काढतात. दादाला तिकडे मीच नेला. बासष्ट वर्षांचा गडी, पण चढण्यात पोरांना लाजवायचा.

तिथल्या सेफ्टीवाल्या साहेबाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना लोखंडी टोकाचे बूट वाटले. वर बजावलं, बूट नसताना काय झालं तर विम्याचा दमडाही मिळणार नाय. दादाने बूट घेतले, खांबाखाली नीट जोडीने ठेवले आणि खांबाला हात लावून कपाळाला लावला.

"दादा, घाल रं बाबा. साहेब बोंबलंल."

"सहदेवा, ह्यो पण मांडवच हाय ना? एवढी माणसं येणार खाली. मग पायताण कसं घालू?"

कान धरून खाली बसवायला हवा होता. पण शनिवारी कार्यक्रम, बुधवार उजाडलेला, आणि दादा अनवाणी एकटा दोघांचं काम उरकायचा. साहेब दुसऱ्या टोकाला गेला की मी खुशाल डोळेझाक करायचो.

त्या सकाळी लोखंडावर दव होतं. ओल्या बांबूवर बोटं रुततात, ओल्या लोखंडावर नाय रुतत. दादाने कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा हूक एका नळीवरून काढला, दुसरीला अडकवायला हात पुढे केला आणि पाय सटकला. चाळीस फुटांवरून पडला. 

पहिला मी पोचलो. दादा गेलाय, हे बघताक्षणी कळलं. आणि माझ्या डोक्यात काय यावं? बूट! घरी त्याची बायको, अनसूयावैनी, एकटी, पोरबाळ नाय, शेतजमीन नाय. मी ते बूट उचलले आणि बाकीचे धावत यायच्या आत त्याच्या पायांत चढवले. पाय अजून गरम होते. नाड्या घट्ट बांधल्या. वैनीसाठी केलं, असं मी स्वतःला सांगतो. माझी मुकादमकी वाचावी म्हणूनही केलं, थू माझ्या जिनगानीवर!

दुपारी वैनी हॉस्पिटलात आली, तेव्हा साहेब कागद भरत होता. मी ठणकावून सांगितलं, "बूट होते साहेब. पायातच होते." त्याने तसं लिहून घेतलं. सगळं जमलं होतं, फक्त वैनीला सांगायचं राहिलं होतं. तुझ्या नवऱ्याच्या मढ्याला मी बूट घातले, हे कुठल्या तोंडाने सांगू?

तेवढ्यात वॉर्डबॉयने दादाच्या कपड्यांची पिशवी आणून दिली. वैनीने शर्ट छातीशी धरला. मग बूट बाहेर काढले, उलटे करून बघितले. तळ कोरे करकरीत.

"हे आमच्या ह्यांचे नायत," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसऱ्या कुणाचे आलेत. आमचे हे मांडवावर पायताण घालून चढले नायत, जल्मात नाय. विचारा ह्या सहदेवाला!"

साहेबाचं पेन थांबलं. तो माझ्याकडे बघायला लागला. वैनीही बघत होती, मान ताठ करून. नवरा गेला होता, त्याची अब्रू तेवढी माझ्या तोंडून ऐकायची होती तिला.

"नाय चढला कधी," मी म्हणालो.

साहेबाने लिहिलेली ओळ खोडली. वैनीने बूट त्याच्यापुढे सारले आणि म्हणाली, "ज्याचे हायत त्याला नेऊन द्या."