पाटाच्या तळाजवळचं पाणी

चाळिशीत सुरू केलेली माझी पीएचडी तीन वर्षांनी एका उणे चिन्हापाशी येऊन अडली. खळबळत वाहणाऱ्या पाण्यात भिंतीजवळ ऊर्जा कुठून कुठे जाते, हा माझा विषय. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, आणि शेवटी ऊर्जा उष्णता होऊन विरते, हे मी कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले. माझा प्रोग्रॅम मात्र भिंतीजवळच्या एका थरात उलटं दाखवत होता. तिथे उत्तर उणे येत होतं, म्हणजे ऊर्जा लहान भोवऱ्यांकडून मोठ्यांकडे चालली होती. चार महिने मी त्यातली चूक शोधत होते.

एका शनिवारी आम्ही विरारहून गिरीजला सासऱ्यांच्या वाडीत गेलो. ते केळींना पाणी सोडत होते.

"तोंड का उतरलंय?" त्यांनी विचारलं. मी जमेल तसं सांगितलं.

"पाण्यात बघितलंस का?"

"बाबा, ते कॉम्प्युटरवर बघायचं असतं."

"म्हणजे नाही बघितलंस."

विहिरीत टाकायचं लाल औषध, म्हणजे परमँगनेट, त्यांनी पेल्यात कालवलं. फवारणीच्या पंपाची बारीक नळी सिमेंटच्या पाटाच्या तळाशी धरली आणि हळूहळू रंग सोडला. पाण्याच्या दृष्टीने तळ हीसुद्धा भिंतच. मला वाटलं, रंग लगेच पसरेल. तो पसरला नाही. तळाला चिकटून त्याच्या लांब, बारीक रेघा झाल्या. एखादी रेघ थरथरायची, वर उचलली जायची आणि एकदम विस्कटायची. कधी शेजारच्या दोन रेघा मिळून एक जाडसर पट्टा व्हायचा आणि वर निघायचा.

"हे रोजचंच," सासरे म्हणाले. "तळाचा गाळ असाच उठतो."

मी पाटाच्या कडेला पालथी पडून तासभर बघत राहिले. कोपर सोलवटलं, ते नंतर कळलं. पेल्याला तपकिरी डाग पडले म्हणून सासूबाई दोघांवरही चिडल्या.

हा पुरावा नव्हता. ऊर्जा कुठल्या दिशेने जाते, हे डोळ्यांना दिसत नाही. पण तळाजवळ लहानाचं मोठं होताना दिसलं, आणि आपलं उत्तर चुकीचंच असणार ही माझी भीती गेली. सोमवारपासून मी चूक शोधणं थांबवलं आणि पाण्याचे आणखी बारीक चौकोन पाडून, जास्त बारीक जाळीवर तेच गणित पुन्हा चालवलं. उणे चिन्ह जागचं हललं नाही. आकडे बघून माझ्या गाइड मॅडम हसल्या. "असं इतरांनाही सापडलंय. विश्वास तेवढा तुझाच नव्हता."

तोंडी परीक्षेला सासरे इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. परीक्षकांनी दीड तास प्रश्न विचारले. निकाल सांगितल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या त्यांनी वाजवल्या.

बाहेर चहा घेताना मी विचारलं, "कळलं का काही?"

"अर्धं कळलं."

"मलाही तेवढंच कळलंय, बाबा."

ते मनापासून हसले आणि दुसरा समोसा घ्यायला उठले.