बंद खणाला हात न लावणारी कडूबाई

ज्योतीनगरातल्या बंगल्यांमध्ये कडूबाईनं उभी हयात धुणीभांडी केली, पण कुणाचा मिटलेला खण कधी उघडला नाही. हे ती स्वतःच सांगायची आणि सांगताना पदर नीट करून ताठ बसायची. पाचोडहून लग्न होऊन भीमनगरात आली, नवरा मोतीराम वाळूजच्या कंपनीत लागला, हिनं घरकामं धरली, तेव्हापासूनचा तिचा हा नियम. फडकं वरून फिरवायचं. दार, झाकण, डबी, पाकीट, जे मिटलेलं असेल ते मिटलेलंच राहू द्यायचं. झाडताना कुणाचं कानातलं सापडलं, चावी सापडली, तर उचलून फ्रिजवर ठेवायची, येताजाता सगळ्यांना दिसेल अशी. एखादी मॅडम म्हणायची, "कडूबाई, कपाटातून तेवढी चादर काढ गं." ही म्हणायची, "मॅडम, तुमीच काढा." मॅडमला राग यायचा. यायचा तर येऊ दे. आपल्या वस्तीतल्या बाईवर संशय घ्यायला लोकांना किती वेळ लागतो हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि तेवढा वेळ तिनं कुणाला मिळूच दिला नाही.

पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि कामं सुटली. नियम मात्र हाडीमाशी खिळलेला, तो काही सुटला नाही. घर दोन खोल्यांचं. मोतीराम गेल्यावर मागची खोली धाकट्या आकाशला अभ्यासाला दिली, आणि त्या दिवसापासून ते दार लोटलेलं असलं की कडूबाईचा हात तिकडं जायचा नाही. जेवायची वेळ झाली की ती दाराशी जायची, स्टुलावर ताट ठेवायची, वर दुसरं ताट पालथं घालायची आणि हाक मारायची, "आकाश, ताट झाकून ठेवलंय बाळा." मग मागं फिरायची. शेजारणी आपल्या पोरांच्या खोल्यांत शिरून दप्तरं उपसायच्या, मोबाइल तपासायच्या. कडूबाईला ते ओंगळ वाटायचं. पोराचीही काही इभ्रत असते की नाही!

आता या आकाशला गेमचा नाद. गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? बंदुका, धाडधाड आवाज आणि नापास झालेलं पोरगं. पण आकाशचे गेम तसले नव्हते. कुठल्या मोठ्या कंपनीचे नव्हेत, दोघातिघांनी घरच्या घरी जीव लावून बनवलेले. एका गेममध्ये पाण्याखाली गेलेल्या गावावरून एक मुलगी होडी वल्हवत जायची आणि वर डोकावणाऱ्या छपरांवर दिवे लावायची. बस, एवढंच. पण दिवा लागला की त्या घरातल्या माणसांचं बोलणं ऐकू यायचं. दुसऱ्यात एक म्हातारा स्टेशनमास्तर होता. त्याच्या स्टेशनात गाडी येणं कधीचंच बंद झालेलं, तरी तो रोज फलाट झाडायचा. सुट्टीच्या दिवशी आकाश बाहेरच्या खोलीत बसून खेळायचा आणि कडूबाई मागं मेथी निवडत बघायची.

"यात मारामारी नाय ना?" ती दर वेळी विचारायची.

"नाय गं आई. नुसतं फिरायचं, बघायचं, ऐकायचं."

स्टेशनमास्तर तिच्या मनात भरला होता, कारण तो कोपरेसुद्धा झाडायचा. पण एकदा त्यानं कुण्या प्रवाशाची विसरलेली पेटी उघडली आणि कडूबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. "दुसऱ्याची पेटी उघडली त्यानं! इतक्या वयाचा माणूस, लाज नाय वाटत?" आकाश हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्या पेटीतच तर गोष्ट होती, हे त्यानं समजावून सांगितलं. कडूबाईला ते पटलं नाही.

मग आकाशनं चांगली चालती नोकरी सोडली आणि विश्वजीत नावाच्या मित्राबरोबर स्वतःचाच गेम बनवायला घेतला. तोही मराठीत! लोकांनी तोंडात बोटं घातली. मोठी बहीण मेघा, पडेगावात दिलेली, शाळेत कॉम्प्युटर शिकवते, तिनं तेवढी पाठराखण केली. दोन वर्षं ती खोली गजबजलेली होती. आकाश मोबाइल घेऊन घरभर हिंडायचा, कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, पत्र्यावर फिरणारी मांजर, सगळ्यांचे आवाज टिपायचा. "घरातले आवाज पायजेत आई," म्हणायचा. कडूबाईनं त्याच्यासाठी कुकर मुद्दाम दोनदा लावला होता.

गेम बाहेर आला आणि कुणी फिरकलंच नाही. ज्या मोजक्या लोकांनी खेळला त्यातले निम्मे म्हणाले, शेवट कळला नाही. विश्वजीतनं पुण्यात नोकरी धरली. आकाशनं खोलीचं दार लोटून घेतलं.

आधी वाटलं, थकलाय, झोपू दे. पण दिवसांमागून दिवस गेले तरी तो तसाच. ताट बाहेर यायचं ते अर्धं उरलेलं, पुढं पुढं तर नुसतं भाताला बोट लावलेलं. दाढी वाढली. आंघोळीला बाहेर आला तरी आईच्या नजरेला नजर देईना. कडूबाईच्या काळजाचं पाणी झालं. टीव्हीवर, वस्तीत, पोरांचं काय काय ऐकू येतं, ते सगळं तिच्या डोक्यात घोंघावायचं. ती दाराशी जायची, कान देऊन उभी राहायची. आत खुर्ची करकरली, खोकला आला, की तिचा जीव भांड्यात पडायचा. मग तेच वाक्य म्हणायची आणि माघारी यायची. लोटलेलं दार ढकलायचं तिच्या मनातही यायचं नाही. खरं तर यायचं, पण हातापर्यंत पोचायचं नाही.

एका दुपारी ती पडेगावला मेघाकडं गेली आणि म्हणाली, "त्याचा गेम मला लावून दे."

"तुला?"

"दोन वर्षं पोरगं कशापायी झिजलं ते बघू तरी दे."

मेघानं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. माऊस कसा धरायचा, चालायला कुठलं बटण दाबायचं, सगळं दाखवलं. गेम एका रिकाम्या घराचा होता. घर विकायचं ठरलंय, आणि विकायच्या आधी शेवटचं म्हणून एक माणूस त्यात फिरतोय. पडद्यावर ऊन तिरपं आलेलं, बाहेर कबुतरं घुमतायत, पंखा हळू फिरतोय. कडूबाई हरखली. आधी चाचपडली, भिंतीवर आपटली, पण लवकरच तिच्या हाताला गेमचं वळण लागलं. चप्पल बाहेर काढता येते का, असं तिनं विचारलं. येत नव्हती. ती घरभर फिरली, खिडकीशी उभी राहिली, ओट्यापाशी थांबून कुकरची शिट्टी ऐकली आणि म्हणाली, "हा आपलाच कुकर!" पुढच्या खेपेला आली तेव्हाही तेच. तिसऱ्या खेपेला तिनं माऊस खाली ठेवला.

"लई ग्वाड घर केलंय पोरानं. पण गोष्ट कुठंय यात?"

मेघानं कपाळावर हात मारला. "अगं आई, गोष्ट कपाटांत आहे! खणांत आहे! तू एक तरी उघडलंयस का?"

"न विचारता? घरात कुणी नसताना?"

"गेम आहे तो!"

"असू दे की. कपाट तर कपाटच हाय."

मेघा शाळेत चाळीस पोरांना सांभाळते, तरी आईपुढं तिनं हात टेकले. मग हळूच म्हणाली, "आई, हे घर दुसऱ्या कुणाचं नाही. आकाशनं बांधलंय. लेकानं बांधलेल्या घरात आईनं कपाट उघडलं, तर तुला कोण बोलणारे?"

कडूबाईनं तळहात पदराला पुसला. मग माऊस धरला आणि पहिला खण उघडला.

आत एक मफलर होता, चॉकलेटी, एका टोकाला उसवलेला. त्याच्याखाली अक्षरं उमटली. चौथीपर्यंत शिकलेली कडूबाई ती बोट ठेवून वाचू लागली: 'बाबा गेले त्या वर्षी हा मफलर कुणी धुतला नाही. वास जाईल म्हणून.'

तिचं बोट तिथंच थांबलं. मोतीरामचा तो मफलर तिनं धुतला नव्हता, हे खरं. पण का धुतला नाही हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मेघालाही नाही. पोरगं तेव्हा एवढंसं होतं, त्याला काय कळतं, असं ती धरून चालली होती.

मग ती थांबली नाही. एकामागून एक खण, कपाटं, डबे उघडत गेली. काडेपेटीत ठेवलेला दुधाचा दात. कुठल्याशा बंगल्यातून मिळालेला जुना कंपास, त्यावरचं आधीच्या मुलाचं नाव ब्लेडनं खरवडलेलं. शाळेच्या सहलीचा फोटो, ज्यात आकाश नव्हता. प्रत्येकाखाली एखाददुसरं वाक्य, साधं, रडारड नसलेलं. एवढं सगळं या पोराच्या पोटात होतं, आणि आपण त्याच्याशी इतकी वर्षं काय बोललो? जेवलास का, आणि लाइट बंद कर.

सगळी कपाटं उघडून झाली तेव्हा पडद्यावरचं घर विरलं आणि एक लहानशी खोली आली. आता गेममधला माणूस त्या खोलीच्या आत होता. संध्याकाळचा उजेड, टेबल, लोटलेलं दार. बाहेरून पावलं वाजली. एक पाय टेकल्याचा आवाज, दुसरा फरफटत आल्याचा. कडूबाई दचकली. ती चाल तिला ओळखू आली, कारण ती तिच्याच गुडघ्याची होती. स्टुलावर ताट टेकलं. आणि बाहेरून आवाज आला, तिचा स्वतःचा, "आकाश, ताट झाकून ठेवलंय बाळा."

"मेघे! हे कवा घेतलं यानं?"

कडूबाईनं घाईघाईनं माऊस दारावर नेला आणि दाबला. अक्षरं आली: 'हे दार आतून उघडत नाही.' पुन्हा दाबला. तेच. पावलं मागं फिरली, लांब गेली. खोलीतला उजेड थोडा उतरला. पुन्हा पावलं, पुन्हा ताट, पुन्हा तिचीच हाक. ती दारावर दाबत राहिली. "अगं थांब की," ती पडद्याला म्हणाली, "आत हाय ना तो! ढकल की दार!" पावलं निघून गेली. मग अंधारात आकाशचं आणि विश्वजीतचं नाव आलं.

"पुढं?"

"संपला गेम."

"आन् दार?"

"उघडत नाही. मीही विचारलं होतं त्याला, हा कसला शेवट? तो म्हणाला, आहे तो असा आहे."

कडूबाई तशीच बसून राहिली. मेघानं चहा आणला, तो निवला. बंगल्यांतला नियम बंगल्यांसाठी होता. तिथं तो पाळला म्हणून ती मान वर करून जगली, त्याबद्दल तिला आजही काही म्हणायचं नव्हतं. पण तो नियम संध्याकाळी पिशवीत घालून घरी कशाला आणला? पोराला मान देतोय, असं तिला वाटत आलं. आणि पोरगं आत बसून पावलं मोजत होतं. तिला रडू आलं नाही, स्वतःचा राग आला, चांगला सणसणीत.

"येते मी," म्हणून ती उठली. मेघा म्हणाली, थांब, गाडीवर सोडते. ती थांबली नाही. छावणीकडनं जाणारी शेअर रिक्षा धरून, उरलेलं अंतर पाय ओढत, ती भीमनगरात पोचली तेव्हा दिवस मावळतीला लागला होता. दुपारचं ताट स्टुलावर तसंच पालथं होतं. तिनं ते उचललंही नाही, हाकही मारली नाही. दारापुढं जाऊन उभी राहिली. अख्ख्या आयुष्यात जे केलं नाही ते म्हातारपणी करायचं म्हणजे सोपं नसतं. तिनं तळहात दारावर टेकला आणि ढकललं.

कडी नव्हतीच. दार भिंतीला जाऊन लागलं.

आकाश खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि पाय जवळ घेतले. आई आत आलेली बघायची त्याला सवयच नव्हती.

"काय झालं आई?"

कडूबाई उंबऱ्याच्या आत आली. बसायला जागा नव्हती म्हणून खाटेवरचे कपडे तिनं बाजूला सारले आणि त्याच्याजवळ टेकली. दम लागला होता.

"तुझ्या घरात गेलते," ती म्हणाली. "मेघीकडं. समदी कपाटं उघडली."

आकाश सरळ होऊन बसला. "तू? कपाटं?" आणि मग अगदी हळू, "शेवटपर्यंत गेलीस?"

"गेले. लई दाबलं रे ते दार. आतून नाय उघडलं," कडूबाई म्हणाली. "म्हणून म्हटलं, भाईरून बघावं."