दुपारची राखण

रात्री झोप येत नाही म्हणून डॉक्टरांनी माझं दुपारी झोपणं बंद केलं. रविवारी करंजा बंदरावरून आणलेल्या मांदेली मासळीवर ताव मारल्यावर माझे डोळे मिटायला लागले. बाबा लगेच पत्ते घेऊन समोर बसले. "कशी झोपतेस, बघतोच!"

पहिला डाव संपायच्या आत ते हातातले पत्ते सांभाळत घोरायला लागले. हसून हसून माझी झोपच उडाली. सोफ्यावर आडवी होत आई म्हणाली, "आता तूच बस त्यांना राखत."

सोमवारी सकाळी आईने दारावर थाप मारली. "अगं, किती झोपशील? ऑफिस नाही का?"

हे ऐकायला मी कित्येक महिने आसुसले होते. पांघरुणात तोंड लपवून मी तिला आणखी थोडं ओरडू दिलं.