लक्ष्मीपूजनातलं रोमन नाणं

काळी पडलेली चांदी दिसली की माझे हात शिवशिवतात. सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. आम्ही कतारला, दोह्याच्या अल सद्द भागात राहत होतो. लेकीला शाळेत रोमन लोकांवर प्रोजेक्ट होता, म्हणून वरच्या मजल्यावरच्या इटालियन आजोबांनी तिला त्यांच्याकडचं चांदीचं रोमन नाणं दोन दिवसांसाठी दिलं होतं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेली बाई. तिच्या एका हातात ताटली, दुसऱ्यात फळांनी भरलेलं शिंग. मला तर ती लक्ष्मीच वाटली.

त्यात लक्ष्मीपूजन आलं. चांदीची निरांजनं, देव घासायला घेतलेच होते, म्हटलं हिलाही घेऊ. टूथपावडर लावून अशी चकचकीत केली की विचारू नका. मग हळदकुंकू, फूल, सगळं साग्रसंगीत.

आरती संपली आणि लेकीचं पाटाकडे लक्ष गेलं. "आई, यू वॉश्ड इट? अंकल सेड नेव्हर क्लीन इट." ती रडायलाच लागली. नाण्याचा काळेपणा म्हणजेच त्याचं वय, तोच जपायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाय ते आजोबांना त्यांच्या बायकोने दिलेलं, आणि ती आदल्याच वर्षी गेली होती.

"झालं, शेजार खलास," हे म्हणाले. मी तशीच जिना चढले.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. आजोबांनी भिंग लावून नाणं बराच वेळ बघितलं. "पुष्कळ गेलं," म्हणाले. "तो काळा रंग आता परत येत नाही." खोटा धीर दिला नाही, पण आवाजही चढवला नाही. चिडले असते तर मला बोलायला तोंड नसतं. आजही त्या माणसाची आठवण आली की हात जोडले जातात.

मग त्यांनी विचारलं, "हे लाल काय?" अक्षरांच्या फटीत कुंकू बसलं होतं. मी पूजेचं सांगितलं. ते हसले. ही कॉनकॉर्डिया, म्हणाले, नवराबायकोचं पटावं म्हणून रोमन लोक हिला पुजायचे. लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या भांडणानंतर बायकोने हेच नाणं त्यांच्या हातात ठेवलं होतं.

मी पदराने कुंकू टिपायला गेले, तर त्यांनी मूठ मिटली.

"राहू दे," म्हणाले. "तिला आवडलं असतं."