याडीचा दगड

माह्या गाडीत बसाले अख्खं गाव तरसते, असं मी चारचौघात सांगत असतो. खरं म्हटलं तर माही बायको सुनंदा बी त्यात बसत नाही, अन् जी एक म्हातारी हौसेनं बसे, ती दगड घेऊन बसे.

आमच्या वावराच्या धुऱ्यापलीकडं बंजाऱ्यायचा तांडा आहे. तिथं आईले याडी म्हनतात. तिले तिचे पोरं याडी म्हनत, मंग सारा तांडा म्हने, मंग मी बी म्हनाले लागलो. डोक्यावर ओढनी, हातात कोपरापर्यंत बांगड्या, अन् काखेत फडक्यात गुंडाळलेला चपटा दगड. पहिल्यांदा गाडीत बसली तवा मले वाटलं, देव घेऊन चालली. मी हात जोडले.

"कायले पाया पडतं बेटा," ती म्हने, "हा चाकाखाली टाकाचा हाय."

तिच्या बापाच्या बैलाच्या बंड्या माल भरून घाट उतरत. लहानपनी तिचं काम एकच, बंडीच्या बाजूनं दगड घेऊन चालाचं, अन् बंडी थांबली का चाकाखाली द्याचा. तीच सवय माह्या गाडीले लावली. गाडी थांबली का सगळ्याच्या आंधी उतरे अन् दगड देई. निंघाच्या वक्ती सगळे बसले, गाडी चालू झाली, का दगड उचलून शेवटी आपन बसे. मी लय हासो.

"याडी, हे काय बंडी आहे? याच्यात एसी आहे, गाने वाजतात."

"हे चालते कशी ते नोको सांगू. थांबते कशी ते सांग."

"पाय दाबला का थांबते."

"पाय दाबला का आत काय होते?"

मी बराच इचार केला. "थांबते," म्हटलं.

"मंग माहा दगड राहू दे."

माहं गाडीचं ग्यान एवढंच. दोन सीटच्या मधात हँडब्रेकची दांडी असते, तिले मी भाजीची थैली अडकवो. कंपनीनं त्याच्यासाठीच देल्ली, असं दोघातिघायले समजावूनबी सांगतलं. मंग एक दिवस स्टेअरिंगच्या मागं लाल दिवा लागला तो विझेच ना. डोळ्यात जाय. कळंबच्या चिंतामनीले गेलतो, तिथून गनपतीचं स्टिकर आनलं अन् बराबर त्या दिव्यावर चिकटवलं. मागून लाल उजेड येऊन गनपती असा साजरा दिसे, का बाजूले बसनारा आपसूक हात जोडे.

अशात याडीची नात कविता पुसदच्या दवाखान्यात बाळंत झाली. मायलेकराले आनाले मी अन् याडी गेलो. येताना घाटाच्या वरतं, उतार जिथं सुरू होते, तिथं चहाले थांबलो. ब्रेक जरा गादीवानी लागला. मले वाटलं, चप्पल नवी आहे म्हनून.

याडीनं दगड देल्ला. चहा झाला. कविता मागच्या सीटवरच होती, मांडीवर लेकरू. मी आत बसलो, गाडी चालू केली, ब्रेकवर पाय ठेवला अन् म्हटलं, "उचल याडी." तिनं उचलला.

पाय खाली गेला. जातच राह्यला. उचलून पुन्हा दाबला, तर खाली काहीच नाही, जशी कोनी पायरी काढून नेली. गाडी आपल्या मनानं सरकाले लागली. समोर वळन, वळनापलीकडं दरी. मागून कविता "मामा" एवढंच बोलली.

मी काय केलं? हॉर्न वाजवला.

याडी वरडली नाही, पळाली नाही. दोन पावलं टाकून खाली बसली अन् समोरच्या चाकापुढं दगड सरकवला. धाडकन आवाज झाला, गाडी उचलल्यासारखी झाली अन् थांबली. तिच्या बांगड्या फुटल्या, एक बोट चेंदलं. लेकरू उठलं बी नाही.

मी उतरलो. याडीनं बोट ओढनीत गुंडाळलं अन् पहिले लेकरू पाह्यलं. कविता मले म्हने, "मामा, त्या गनपतीच्या मागं काय जळून राह्यलं?"

मी नखानं स्टिकर खरवडलं. लाल दिवा. खालून मिस्त्री बलावला, तो म्हने, ब्रेकचं तेल गळून गळून संपलं, दिवा तेच सांगत होता. मी तिथंच मातीत बसलो. याच गाडीत मी शाळेचे लेकरं नेलते. एक नवरी नेलती. सासऱ्याले नेलतं. अन् त्यायनं सगळ्यायनं त्या दिव्याले हात जोडलते.

याडी रागावली नाही. मिस्त्रीनं गळती बंद करून तेल भरलं तवा निंघालो, अन् तांड्यात उतरताना ती म्हने, "आता सांग बेटा, थांबते कशी?"

"तेलानं."

"अन् तेल कोन पाहते?"

मी नखात अडकलेला स्टिकरचा चुरा काढाले लागलो.

"मंग माहा दगड राहू दे."

औंदा सोयाबीन निंघाच्या वक्ती याडी झोपेतच गेली. ते बोट शेवटपर्यंत वाकडंच होतं. मी कविताजवळून दगड मांगून आनला. तिनं फडक्यासकट देल्ला. सीटखाली ठेवला, ब्रेकचं तेल मिस्त्रीले दाखवलं, दांडीची थैली काढली, अन् सुनंदाले म्हटलं, "आता तरी बस. दगड बी आहे."

तिनं दगड पाह्यला, मंग मले पाह्यलं.

"दगड लावाले याडी होती," ती म्हने. "तुम्ही तं हॉर्न वाजवान."